शेवटचं ताट

मागच्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी ज्येष्ठ नागरिक संघाने मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय त्यांनीच ठरवलेला : 'रोगप्रतिकारशक्ती कशी वाढवावी?' सभागृह भरलं होतं. पुढच्या पाच रांगा पुरुषांच्या, मागच्या दोन बायकांच्या. अशी व्यवस्था कुणी करत नाही, ती होते. माझं प्रास्ताविक संपायच्या आत पहिल्या रांगेतले एक निवृत्त अधिकारी उभे राहिले. एका हातात वही, दुसऱ्या हातात उघडं पेन. म्हणाले, "सर, मुद्द्याचं सांगा. सकाळी अनशेपोटी तुळशीची पानं किती घ्यायची? पाच की सात?"

मी त्यांनाच उलट विचारलं, "काल रात्री तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवलं? आणि त्या ताटात काय होतं?"

ते गोंधळले. शेजारच्याने त्यांची बाजू सावरली, "आमच्याकडे सगळे एकत्रच बसतात." त्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. मोठ्याने नव्हे, पदर तोंडाला लावून हसतात तसं. मला जे लिहायचं आहे ते त्या हसण्याबद्दल.

आपल्या मध्यमवर्गाला गेल्या काही वर्षांत प्रतिकारशक्तीचं वेड लागलं आहे. करोनाच्या साथीत ते भडकलं आणि साथ ओसरली तरी उतरलं नाही. घरोघरी एक फळी दिसते. तिच्यावर च्यवनप्राशाची बरणी, गुळवेलीच्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल, आवळ्याचा रस, परदेशातल्या मुलाने आणलेली जीवनसत्त्वांची बाटली. या फळीवरच्या मालाची किंमत एकदा मांडून पाहा. मग त्याच घरात भांडी घासायला येणाऱ्या बाईंना महिन्याला काय मिळतं ते शेजारी लिहा. आणि त्यांना चहाबरोबर जी पोळी दिली जाते ती कोणत्या दिवशीची असते, तेही लिहा. हा हिशेब कुणी मांडत नाही, कारण मांडला तर फळीवरची एकही बरणी घशाखाली उतरणार नाही.

मुळात 'शक्ती वाढवणे' ही कल्पनाच बाजाराची. शरीराची संरक्षणव्यवस्था म्हणजे पाण्याची टाकी नव्हे की जितकी भरावी तितकी बरी. ती जास्त झाली, भलतीकडे वळली, तर स्वतःच्याच सांध्यांवर आणि मूत्रपिंडांवर उठते. संधिवाताचे काही प्रकार आणि ल्युपस हे त्यातलेच आजार. दमा आणि अॅलर्जी हाही तिचाच अतिरेक. २०२० साली तर या व्यवस्थेने आपली क्रूर थट्टा केली. घरात माणसं काढे उकळत होती आणि अतिदक्षता विभागात डॉक्टर त्याच प्रतिकारशक्तीला आवर घालायला डेक्सामेथासोन टोचत होते. अत्यवस्थ रुग्णांच्या फुप्फुसांची नासाडी विषाणूइतकीच त्यांच्याच शरीराचा पेटलेला प्रतिकार करत होता. त्या वर्षीच्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने दाखवलं, की या स्वस्त, जुन्या औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. पुढे २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मानली नाही. वाद तज्ज्ञांनी चालवावा. माझा प्रश्न साधा आहे : वनस्पतीचं आहे म्हणून निरुपद्रवी, हे आपल्याला कुणी शिकवलं? धोतराही वनस्पतीच आहे.

आणि त्याच वर्षी, मे महिन्यात, काळ्या बुरशीने माणसांचे डोळे आणि जबडे घेतले. तिला बळी पडलेल्यांत मोठा वाटा होता रक्तातली साखर हाताबाहेर गेलेल्यांचा, त्यावर स्टेरॉइड पडलेल्यांचा. म्हणजे ज्या घरात सकाळी काढा उकळत होता, त्याच घरात चार वेळच्या गोड चहाने, बैठ्या दिवसाने आणि मधुमेहाची तपासणी लांबवण्याने वाट मोकळी करून दिली होती. भारतात मधुमेहाचे दहा कोटींवर रुग्ण आहेत असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत निघालं. साखर कमी करणं फुकट आहे. पण फुकटाची जाहिरात कोण करणार?

साखरेचा विषय निघालाच आहे तर ती येते कुठून तेही पाहू. मराठवाड्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, उसाच्या फडात ना पाणी ना आडोसा. मग अंगावर काढलेलं दुखणं एक दिवस खासगी दवाखान्यात पोचतं आणि पिशवी काढून टाकली जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली, ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची. त्यातल्या तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पुष्कळ बायका भूक मारायला मिश्री लावतात. तीही तंबाखूच. आपल्याला मधुमेह देणारी साखर त्यांची कूस घेऊन आपल्या कपात येते, आणि त्या कपाशेजारी आपण प्रतिकारशक्तीची गोळी ठेवतो.

आता शास्त्राबद्दल दोन शब्द, कारण अज्ञानाची सबब फार दिवस चालली. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं ही प्रथिनं आहेत. ती हवेतून होत नाहीत. डाळ, दूध, अंडं, मासळी, शेंगदाणे, कडधान्यं यांतूनच शरीर ती घडवतं. मुलाची उपासमार झाली की छातीच्या हाडामागची थायमस ही ग्रंथी आक्रसते, आणि लढाऊ पेशींतला एक महत्त्वाचा वर्ग पक्व होतो तो तिथेच. लोह, जस्त, अ जीवनसत्त्व कमी पडलं की आतड्याचं आणि श्वासनलिकेचं अस्तर दुबळं होतं, जंतूंना दार उघडं मिळतं. आतड्यातल्या उपकारक जंतूंना तंतुमय अन्न लागतं. ते भाजी, कोंड्यासकट धान्य आणि उसळी पुरवतात. एवढंच आहे सगळं. यातलं एकही गुपित नाही आणि यातला एकही पदार्थ आपल्या आज्यांना अनोळखी नव्हता. शेवग्याचा पाला, अंबाडी, चाकवत, हादग्याची फुलं, कुळथाचं पिठलं, जवसाची नि कारळ्याची चटणी, नाचणीची आंबील. पण कारळ्याची चटणी गरिबाची ठरली, नाचणी डोंगरातल्या माणसाची ठरली, आणि तोंडाला बिस्किटाचं पाकीट लागलं. आता तीच नाचणी रंगीत डब्यातून 'सुपरफूड' म्हणून चौपट दराने परत आली, तेव्हा कुठे आपल्याला ती पचायला लागली. जात बदलल्याशिवाय आपल्याला अन्नसुद्धा चालत नाही.

क्षयरोगाचंच पाहा. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये त्याचा जंतू दाखवला. तेव्हापासून आपण त्या जंतूला शिव्या घालतो आहोत आणि तो ज्या शरीरात घुसतो त्या शरीराच्या भुकेबद्दल गप्प आहोत. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक मोठी चाचणी झाली, 'राशन्स' नावाची. माधवी आणि अनुराग भार्गव हे डॉक्टर दांपत्य तिच्या मागे होतं. क्षयरुग्णांच्या घरातली दहा हजारांवर माणसं तिच्यात होती. रुग्णाला दोन्ही गटांत धान्य मिळालं. फरक केला तो घरच्यांच्या बाबतीत. एका गटातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या. दुसऱ्या गटाला ते नाही. २०२३ मध्ये निष्कर्ष आले : धान्य मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि फुप्फुसांच्या, म्हणजे खोकल्यातून पसरणाऱ्या क्षयाचं तर ४८ टक्क्यांनी. आजारी माणसाने पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वजन धरलं तर त्याच्या मरणाचा धोका साठ टक्क्यांच्या आसपास घटतो, हेही त्याच कामातून दिसलं.

तांदूळ आणि डाळ. त्यात अश्वगंधा नव्हती, केशर नव्हतं. आणि फुप्फुसांचा क्षय जवळपास निम्म्यावर आला. ज्या देशाची कोठारं धान्याने भरलेली असतात, त्या देशात ही गोष्ट चाचणी करून सिद्ध करावी लागते याची लाज कुणाला वाटायला हवी? मला तरी वाटते. क्षयरुग्णाला सरकार २०१८ पासून महिन्याला पाचशे रुपये देत होतं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार देतं. ठीक आहे. पण त्या भांडी घासणाऱ्या बाईंना खोकला लागला की आपण काय देतो? "बरं वाटेपर्यंत येऊ नका." आणि त्या दिवसांचे पैसे कापतो. मुकादमाला नावं ठेवण्याचा अधिकार आपण तिथेच गमावतो, कारण खाडा आपल्याकडेही आहे, फक्त आपण त्याला तो शब्द वापरत नाही.

हे झालं घराबाहेरच्या माणसाचं. आता घरातलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत जवळजवळ ६९ टक्के. आधीच्या फेरीत बायकांचा आकडा ४८ होता, म्हणजे उतरायचा तो चढला. हो, बाईचं रक्त दर महिन्याला जातं, बाळंतपणात जातं, हे निसर्गाचं. पण जे जातं ते भरून काढायचं काम निसर्गाचं नव्हे, ताटाचं आहे. आणि ताट आपल्या हातात आहे.

मी लहान होतो तेव्हा आमच्या घरी साय पुरुषांना मिळायची. आईला विचारलं तर म्हणायची, "मला आवडतच नाही साय." मटणाच्या रश्श्यातल्या फोडी आम्हा मुलांच्या आणि वडलांच्या ताटात पडायच्या, तिच्या वाटणीला रस्सा. "मला हाडं चघळायला बरी वाटतात," असं ती म्हणायची. ताजी भाकरी तव्यावरून थेट आमच्या ताटात, सकाळची तिच्या ताटात, आणि कधी भाताच्या पातेल्याची खरवड. कित्येक वर्षं मला तिच्या आवडीनिवडी खरंच विचित्र वाटत. नंतर मोठेपणी एका लग्नात तिला बासुंदी खाताना पाहिलं, वाटी पुसून. तेव्हा कळलं, की या घराने तिला साय न आवडण्याची सवय लावली होती आणि मी त्या घराचा जेवणारा सभासद होतो. माझ्या अंगातली जी काही प्रतिकारशक्ती असेल, तिच्यातला काही भाग तिच्या ताटातून उचललेला आहे. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. वडील वाईट नव्हते. कुणीच वाईट नव्हतं, तरीही ती रोज शेवटी जेवत होती.

त्यात उपासांची भर. चतुर्थी, एकादशी, सोळा सोमवार, हरतालिका निर्जळी. बहुतेक उपास बायकांच्या वाट्याला, आणि त्यातले पुष्कळसे नवऱ्याच्या आयुष्यासाठी. जिच्या अंगात रक्त नाही तिने उपास धरायचा, आणि ज्याच्यासाठी धरायचा त्याचं रक्त तिच्यापेक्षा चांगलं. आणि उपासाला काय, तर साबुदाणा : जवळजवळ निव्वळ पिष्ट. शेंगदाण्याचं कूट पडतं म्हणून थोडंफार तरतं. कुणाच्या श्रद्धेला हात लावायचा नाही असं आपण म्हणतो. मी लावतो. जो देव पंडुरोगी बाईच्या उपाशी पोटावर प्रसन्न होतो, त्याच्याबद्दल मला आदर नाही. त्या दिवशी नवऱ्याने उपास करावा आणि तिला गूळ-शेंगदाण्याचा लाडू द्यावा, हे व्रत कोणत्या पोथीत नसेल तर लिहून घ्या.

काही गोष्टी तर इतक्या सोप्या, की त्या न केल्याची शरम वाटावी. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, तासभर थांबा. मेथी-पालकावर लिंबू पिळा, लोह जास्त मिळतं. लोखंडाची कढई माळ्यावरून खाली काढा. पण हे सांगताना माझी जीभ अडखळते, कारण हा उपदेश पुन्हा तिलाच ऐकावा लागतो. लिंबू तिनेच पिळायचं, कढई तिनेच घासायची, चहा मात्र सगळ्यांना जेवण झाल्या झाल्या हवा.

बाळाच्या वाटणीला आपण तर पहिल्याच दिवसापासून हात घालतो. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस आईला जे दाट, पिवळसर दूध येतं तो चीक. त्यात प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात. जगातली पहिली लस म्हणावी अशी ती. आणि पिढ्यान् पिढ्या 'खराब दूध' म्हणून आपण तो पिळून टाकला, बाळाच्या तोंडाला मध लावला, गुटी चाटवली. आजही देशात जन्मल्यापासून तासाभरात स्तनपान मिळणारी मुलं निम्म्याहून कमी आहेत. यातला अडाणीपणा मी समजू शकतो. समजत नाही ते हे, की गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण गूळ-वेलदोडा घालून, वाफवून, शेजारीपाजारी वाटून खातो. तो 'ताकदीचा' असतो. वासराच्या वाट्याचा चीक आपल्याला हवा, आणि आपल्याच लेकराला त्याच्याच आईचा नको!

मूल वाढून शाळेत जातं. महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्याला केळं. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीचं प्रथिन असतं. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्या अंड्याचा पैसा बंद केला आणि शाळांना सांगितलं, हवं तर लोकसहभागातून द्या. लोकसहभाग! ज्या पाड्यावर आईबाप मजुरीला जातात तिथे लोकांनी कशात सहभाग द्यायचा? आणि त्या निर्णयावर कोण रस्त्यावर आलं? अंड्याला विरोध करणारे आधी मोठमोठ्याने बोलत होते. अंडं बंद झाल्यावर आपण, शिकलेले, पोटभर जेवलेले, मुलांना प्रोटीनची पावडर घालून दूध देणारे, गप्प होतो. पालघर, मेळघाट, नंदुरबार इथल्या पोरांच्या ताटातून ते अंडं उचललं गेलं तेव्हा आपल्या ताटात काहीच कमी झालं नव्हतं.

झोपेबद्दल एक सांगतो आणि थांबतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १५३ धडधाकट माणसांची दोन आठवडे झोप नोंदवली, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाली. आता आपल्या घरात सात तास कोण झोपतं ते आठवा. जिथे नळाला पहाटे चारला पाणी येतं तिथे कोण उठतं? बदलापूर-विरारहून लोकल पकडणारी बाई डबे करायला किती वाजता ओट्यापाशी उभी राहते? रात्री पाहुण्यांच्या गप्पा संपल्यावर भांड्यांचा ढीग कुणाची वाट पाहतो? तिला ताप आला की आपण म्हणतो, "ती कधी आजारी पडत नाही हो." पडते. अंगावर काढते.

त्या सभागृहात मी हे सगळं बोललो, याहून थोड्या मवाळ शब्दांत. टाळ्या बेताच्या पडल्या. शेवटी प्रश्नोत्तरं. मागच्या रांगेतली, मघाशी हसलेली असावी, साठीची एक बाई उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही विचारलंत शेवटी कोण जेवलं. सर, मी जेवायला बसतच नाही. पोळ्या लाटता लाटता ओट्यापाशीच काहीबाही तोंडात टाकते. त्याला जेवण धरायचं का?" आणि उत्तराची वाट न पाहता खाली बसली, कारण आयोजकांनी तिला खूण केली होती : चहा आणि वड्यांच्या बश्या लावायच्या होत्या.

मी बाहेर पडत होतो, तर ते निवृत्त अधिकारी दारापर्यंत धावत आले. वही तशीच उघडी, पेन तसंच.

"सर, तुळशीच्या पानांचं राहिलंच."

"पाच," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं.